न फुगलेला पाव

१

पीठ मेलं होतं.

प्रमोदिनीबाईंनी परातीत बोट खुपसून पाहिलं. पडलेला खड्डा तसाच राहिला, वर यायचं नाव घेईना. रात्रभरात काठावरून ओसंडायला हवा होता तो गोळा काल मळून ठेवला तेवढाच तळाशी बसला होता. परातीशेजारी पाटावर क्लेमेंटीन तुस्कानो नाक पुसत बसली होती. दोन दिवस तिला सर्दीने हैराण केलं होतं, त्यात हे.

"मी रडत नाय," ती म्हणाली. "हे त्यानं केलंय. माझ्याच पोरानं."

बर्गरवरून वसई-विरारमध्ये व्याही-व्याही एकमेकांशी बोलेनासे होतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. प्रमोदिनी चुरींनी निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून मोबाइलवर 'बर्गरवाद' नावाचा एक ग्रुप काढला आणि बघता बघता निम्मा तालुका त्यात घुसला. विरारवाल्यांचं म्हणणं, बर्गर म्हणजे टिक्की. ती जाडजूड हवी, वरून चीज ओघळलं पाहिजे, आणि तशी ती फक्त स्टेशनजवळच्या 'बर्गर बंदर'मध्ये मिळते. वसईवाले म्हणत, टिक्की काय कुणीही थापेल, बर्गर म्हणजे पाव. आणि पाव खायचा तर वसई गावात तुस्कानोंच्या अंगणात बाकड्यावर बसून खायचा. नालासोपाऱ्याची मंडळी दोन्हीकडे खात आणि दोघांशी भांडत. अखेर एकदाचा सोक्षमोक्ष लावू म्हणून उमेळ्याच्या वाचनालयाच्या अंगणात जाहीर सामना ठरला. बर्गर बंदर विरुद्ध तुस्कानो. तो सामना आज संध्याकाळी होता आणि तुस्कानोंकडे पाव नव्हता.

पण बाई धावत आल्या त्या पावासाठी नव्हे. सकाळी त्यांनी ग्रुप उघडला तर क्लेमेंटीनचा आवाज ऐकू आला होता. "माझ्या पोरानं, गॉडफ्रेनं, काल जेवायला येऊन माझ्या पिठात पावडर टाकली. विरारवाल्यांसाठी आईला बुडवली. आजपासून मला पोर नाय." हे साऱ्या तालुक्याने चहा पिता पिता ऐकलं होतं.

गॉडफ्रे हा तिचा एकुलता एक मुलगा. टिक्कीवर चीज घालायचं की नाही यावरून माय-लेकात वाजलं आणि वर्षभरापूर्वी तो तडक बर्गर बंदरमध्ये कामाला लागला. काल तो कितीतरी महिन्यांनी घरी जेवला होता. आता क्लेमेंटीनचा स्वभाव प्रमोदिनीबाईंना ठाऊक होता. कुंपणावरच्या एका आंब्यावरून सख्ख्या भावाशी ती आजतागायत बोललेली नाही. मुलाच्या बाबतीत लागलेला हा डाग संध्याकाळपर्यंत पुसला नाही तर कायमचाच, हे बाईंनी ओळखलं.

"पावडर कशात पडली? पिठात की यीस्टमध्ये?" त्यांनी विचारलं.

क्लेमेंटीन उठली. मागचं दार लावून आली, खिडकीही ओढून घेतली.

"यीस्ट मी घालतच नाय, प्रमोदिनीबाय. आमच्याकडं पाव ताडीवर फुगतो. माझ्या सासूच्या सासूपासून. ही गोष्ट घरातल्या माणसांना माहीत, नि ताडी काढणाऱ्या नथूला. तिसऱ्याला नाय." तिने कोपऱ्यातला अॅल्युमिनियमचा कॅन पुढे केला. "ही बघा पावडर."

कॅनच्या तळाशी घोटभर ताडी उरली होती आणि तिच्याखाली पांढरा थर बसला होता. कॅनच्या तोंडाला काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. बाईंनी कॅन तिरका केला, वरची ताडी बोटावर घेतली आणि क्लेमेंटीन नको नको म्हणत असताना चाटली.

सर्दी झालेल्या बाईला ते कळलं नसतं, पण प्रमोदिनीबाईंना लगेच कळलं. ताडी गोड होती.

२

प्रमोदिनीबाईंनी उभी नोकरी विमा कंपनीत काढली होती, तीही दावे तपासण्यात. जळालेली गोदामं आणि चोरीला गेलेल्या मोटारी बघून बघून त्यांची एक खोड पक्की झाली होती. दावा करणाऱ्याचं दुःख खरं मानायचं आणि हकिगत मात्र तपासून घ्यायची.

"काल काय काय झालं ते सांग. काही गाळू नकोस."

क्लेमेंटीनने सांगितलं. नथू सकाळी ताडावर मडकं बांधतो, संध्याकाळी उतरवतो आणि कॅन भरून मागच्या दाराशी आणून देतो. उतरवेपर्यंत ताडी आंबून फसफसत असते, ती तशीच पिठात जाते. काल नथू आला तेव्हा अंगणात ती विरारची रीमा कॅमेरा घेऊन उभी होती. खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणारी पोरगी, सामन्याआधी तुस्कानोंची मुलाखत हवी म्हणून आलेली. तिच्या नजरेला ताडी पडू नये म्हणून क्लेमेंटीनने कॅन हातात पडताच न बघता पिठात ओतला, भराभर मळलं, फडकं टाकलं आणि कॅन कोपऱ्यात सारला. नाक बंद, त्यामुळे वास घ्यायचा प्रश्नच नव्हता.

"मग गॉडफ्रे आला. जेवला. पाणी प्यायला म्हणून एकटा आत गेला. तेव्हाच टाकली."

"आणि नथू कुठाय?"

"पुतणीचं लग्न हाये चांदीपला. रात्रीच गेला. फोन लागत नाय, मी किती वेळा लावला."

"ताडीचं इतकं लपवतेस कशाला? विष नाही घालत तू."

"पहिलं धंद्यासाठी लपवत होते. आता मास्तरांच्या नियमासाठी."

मास्तर म्हणजे एकनाथ किणी. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, वाचनालयाचे अध्यक्ष आणि आजच्या सामन्याचे मुख्य परीक्षक. सामन्याचे नियम त्यांनीच केले होते. वेळ पाळावी, टोपी घालावी, कोणत्याही पदार्थात मद्य नको. हा शेवटचा नियम बर्गर बंदरच्या सॉसमुळे आला होता, कारण तिथला उमंग सॉसमध्ये चमचाभर रम घालत असे. मास्तरांनी तो सॉसच बाद केला, आणि तेव्हापासून क्लेमेंटीनच्या जिवाला घोर लागला होता.

"गेल्या रविवारी मास्तर आलेले ना, नेहमीसारखे," ती म्हणाली. "त्यांनी नुसती टिक्की खाल्ली, पाव ताटातच ठेवला. दात दुखतात म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा पाव ताटात राहिला. तेव्हाच मला वाटलं, काहीतरी वाईट होणार."

"तो ग्रुपवरचा निरोप काढून टाक."

"आधी तुम्ही दाखवून द्या, मग काढते," क्लेमेंटीन म्हणाली आणि पुन्हा नाक पुसायला लागली.

३

बर्गर बंदर नुकतंच उघडत होतं. उमंग भोईर काउंटर पुसत होता. खाडीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा. वडील अजून भात लावतात, याने मात्र विरारमध्ये गाळा घेऊन तीन वर्षांत नाव काढलं होतं. बाईंना बघून त्याने हातातलं फडकं आपटलं.

"या काकू. तुमच्या ग्रुपवर सकाळपासून मना शिव्या पडतात. मी का तुस्कानो मावशीचं पीठ बिघडवनार? मना जिंकायचं हाये, पन समोर कोन उभाच नाय तर जिंकून काय उपेग?"

"सॉस बाद झाल्याचा राग असेल."

"राग हाये. मास्तरांवर हाये. चमचाभर रम, ती पन उकळून उडून जाते. पन ऐकतो कोन? मावशीवर कसला राग? तिचा पाव मी रविवारी गुपचूप मागवून खातो." हे बोलून गेल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं.

"त्या पावात काय असतं, माहिताय?"

"यीस्ट असंल, अजून काय. ह्याला वर्षभर विचारतोय," त्याने आतल्या दाराकडे बोट केलं. "पगार वाढवतो म्हनलं, तरी तोंड उघडत नाय. मी इचारायचंच सोडून दिलं."

गॉडफ्रे दारातच उभा होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, आईसारखाच रुंद कपाळाचा. डोळे लाल झालेले. कांदा चिरत होता असं कुणी म्हटलं असतं, पण समोरच्या फळीवर कांदा नव्हता.

"तू पाणी प्यायला आत गेलास, तेव्हा काय केलंस?"

"ममानं सांगितलंय ना सगळ्यांना? मग तेच."

"मला तुझ्याकडून ऐकायचंय."

"आंटी, तिनं मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारलंच नाही. डायरेक्ट अख्ख्या वसईला सांगितलं." तो आत वळला. "आता मी काही बोलणार नाही."

बाईंना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण हात ठेवून काही सिद्ध होत नाही, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. त्या जिना उतरायला लागल्या, तेवढ्यात उमंग मागून आला. आवाज खाली आणून म्हणाला,

"काकू, एक सांगू? ती रीमा काल रात्री मना फोनवर म्हनाली, तुस्कानोंच्या मागच्या खिडकीतून तिनं काहीतरी शूट केलंय. बाहेर काढलं तर आजचा सामनाच होनार नाय, असं म्हनत होती."

४

रीमा जवळच्याच एका टॉवरमध्ये आईवडिलांसोबत राहत होती. बाईंना दारात बघून तिचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेल्यावर लहान मुलं जसं करतात तसं तिने मोबाइल पाठीमागे नेला.

"मी अपलोड नाही केलंय, आंटी. शप्पथ. मला वाटलं दारू आहे. मग घरी आल्यावर विचार केला, की एवढ्या वर्षांचा तिचा बिझनेस माझ्या एका व्हिडिओने का बसवू? बोलले फक्त उमंगला, आणि काय आहे ते पण नाही सांगितलं."

"दाखव."

व्हिडिओ खिडकीच्या गजातून काढलेला होता, थोडा हलणारा, पण सगळं दिसत होतं. मागच्या दारातून नथूचा हात आला, हातात कॅन. क्लेमेंटीनने तो घेतला आणि तिथल्या तिथे परातीत रिकामा केला. फेस नाही, फसफस नाही, उसाच्या रसासारखी धार पडली. मध्ये कुणी आलं नाही, कॅन कुठे ठेवला गेला नाही. तिने मळलं, फडकं टाकलं, बाहेर गेली. मग बराच वेळ नुसतं स्वयंपाकघर, कारण रीमाने मोबाइल खिडकीतच चालू ठेवून दिला होता. आणि मग गॉडफ्रे आत आला.

बाई पुढे सरकून बसल्या. गॉडफ्रेने माठातून पाणी घेतलं, प्यायला. परातीपाशी थांबला. फडकं एका बाजूने सरकलं होतं, ते त्याने पाणी शिंपडून ओलं केलं आणि नीट चारी बाजूंनी खोचलं. मग क्षणभर त्यावर हात ठेवून उभा राहिला आणि निघून गेला. कोपऱ्यातल्या कॅनकडे तो फिरकलाही नाही.

"ही क्लिप कापू नकोस आणि कुणाला पाठवू नकोस," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना घेऊन उमेळ्याला ये. उमंग, गॉडफ्रे, क्लेमेंटीन, सगळे. गॉडफ्रे नाही म्हणाला तर त्याला म्हणावं, मी बोलावलंय."

स्वतः त्या रिक्षाने आधी पोहोचल्या. वाचनालयाच्या अंगणात मांडव लागला होता आणि एकनाथ मास्तर खुर्च्यांची रांग सरळ करत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला व्यसनमुक्ती मंडळाचा बिल्ला. मंडळातर्फे उन्हाळाभर ते स्टेशनबाहेर नीरेचं दुकान लावत. आजही प्रेक्षकांसाठी बर्फात नीरेचे कॅन ठेवलेले होते.

"सगळी नथूकडची का?" बाईंनी विचारलं.

"त्याच्याकडचीच. काल संध्याकाळी देऊन गेला."

"एखादा कॅन आंबलेला तर नाही ना आला चुकून?"

"छे. प्रत्येक कॅन मी स्वतः चाखून बघतो. सगळे गोड." मास्तरांनी समोरच्या वाटीतली शेंगदाण्याची चिक्की उचलली आणि कडकन तोडली. "घ्या ना. क्लेमेंटीनचं कळलं मला. फार वाईट झालं. पोटच्या पोराने असं करावं म्हणजे..."

त्यांनी चिक्कीचा दुसरा तुकडा तोंडात टाकला. प्रमोदिनीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांना सगळं उमगलं.

५

मांडवात क्लेमेंटीन एका टोकाला बसली, गॉडफ्रे दुसऱ्या. मध्ये उमंग आणि रीमा. मास्तर उभेच होते. क्लेमेंटीनने सोबत आणलेला तो अॅल्युमिनियमचा कॅन बाईंनी टेबलावर ठेवला.

"क्लेमेंटीनबाय, तुला आधीच विचारते. तुझी गोष्ट इथे सांगितल्याशिवाय तुझा मुलगा सुटत नाही. सांगू?"

क्लेमेंटीनने गॉडफ्रेकडे पाहिलं नाही, पण मान हलवली.

"हिचा पाव ताडीवर फुगतो," बाई म्हणाल्या. उमंगने आ वासला. "आता ऐका. ही ताडी गोड आहे. पावडर पिठात रात्री पडली असती तर ताडी आंबटच राहिली असती, कारण ती झाडावरच आंबते. एकदा आंबलेलं पुन्हा गोड होत नाही. म्हणजे ही कधी आंबलीच नाही. माझ्या वडिलांच्या वाडीत नीरा काढायचे तेव्हा मडक्याला आतून चुना फासायचे. चुना असला की रस आंबत नाही. तळाशी बसलंय ते चुना आहे आणि तो काल सकाळी, मडकं झाडावर चढायच्या आधी लागलाय. तेव्हा गॉडफ्रे विरारमध्ये बन भाजत होता."

गॉडफ्रेने डोकं वर केलं.

"म्हणजे नथूनं?" क्लेमेंटीन उठलीच. "नथूला मी लहानपणापासून..."

"बस. नथू हौसेने चुना लावणार नाही, कुणीतरी सांगितलं म्हणून लावला. कॅनची अदलाबदल झाली असंही मला वाटलं होतं, कारण तो मास्तरांनाही नीरा देतो. पण मग मास्तरांकडे एक कॅन ताडीचा आला असता. मास्तरांनी सगळे चाखलेत, सगळे गोड. म्हणजे चूक नाही, सांगून केलेलं काम. आता सांगितलं कुणी? उमंगने? त्याला पावात काय आहे हे आत्ता, या मिनिटाला कळलं. रीमाने? तिला कळलं काल संध्याकाळी, मडकं उतरल्यावर."

"आणि मला माहीत होतं," गॉडफ्रे पहिल्यांदाच बोलला. "मला तर जन्मापासून माहीत होतं."

"होतं ना. म्हणूनच तू नाहीस." बाईंचा आवाज नकळत चढला. "अरे, आईला बुडवायचीच असती तर तुला चुना कशाला हवा होता? उमंगला एवढंच सांगायचं, की पावात ताडी आहे. मद्याच्या नियमाखाली तुझी आई त्याच दिवशी बाद झाली असती. हा तुला पगार वाढवून देत होता त्यासाठी. वर्षभर तू दुसऱ्याच्या भटारखान्यात राहिलास, भांडून गेलेला होतास, आणि तरी घरातला एक शब्द बाहेर काढला नाहीस."

क्लेमेंटीनचा हात तोंडाशी गेला.

"मग राहिलं कोण? नीट बघा. हे करणाऱ्याला पीठ मारायचंच नव्हतं. पीठ मारायचं तर मूठभर मीठ पुरतं. त्याला ताडीची दारू व्हायला नको होती, एवढंच. म्हणजे त्याला नीरा कळते आणि पाव कळत नाही. गोड रसावरही पाव फुगेल असं त्याला वाटलं. त्याचा शब्द नथू मोडत नाही, कारण नथू त्याच्यासाठीच नीरा काढतो. आणि त्याला ताडीचं आठवडाभर आधी कळलेलं होतं, म्हणून गेल्या रविवारी त्याने पाव ताटात ठेवला." बाईंनी चिक्कीची वाटी पुढे सरकवली. "मऊ पाव चावत नाही म्हणणारे तुमचे दात ही चिक्की मात्र चावतात, मास्तर."

एकनाथ मास्तर सावकाश खुर्चीवर बसले. शर्टाचा बिल्ला त्यांनी उगाचच सरळ केला.

"मागच्या आठवड्यात संध्याकाळी फिरायला गेलो होतो," ते म्हणाले. "नथूला मागच्या दाराशी कॅन देताना पाहिलं. विचारल्यावर तो बोलून गेला. मी आयुष्यभर दारूविरुद्ध भाषणं केली आणि दर रविवारी ताडीचा पाव खाल्ला. सांगितलं असतं तर नियमाप्रमाणे क्लेमेंटीन बाद. तिचाच पाव सगळ्यात चांगला, हे मी इतकी वर्षं ओरडून सांगत आलोय. मला तिला बादही करायचं नव्हतं आणि नियमही मोडायचा नव्हता. नथूला म्हटलं, यावेळी चुना लाव, घरातल्यांना सांगू नकोस. मला खरंच वाटलं, पाव होईल."

"आणि सकाळी माझं पोर चोर ठरलं, तेव्हा?" क्लेमेंटीनने विचारलं.

"तेव्हा मी घाबरलो," मास्तर म्हणाले. "गॉडफ्रे, मला माफ कर."

क्लेमेंटीन उठली, मांडव ओलांडून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. ती म्हणाली, "पीठ चाळून ठेवलेलं हाये. पण ताडी नाय."

उमंगने खिशातून गाडीची किल्ली काढली.

"माझ्या काकांकडं हाये ना. सकाळची, फसफसलेली. आमच्या गावात त्याला कोन लपवत नाय." त्याने किल्ली गॉडफ्रेकडे टाकली. "जा, घेऊन ये. एप्रिलचं ऊन हाये, संध्याकाळच्या आत फुगंल. आनि मास्तर, मावशीची ताडी चालते तर माझी रम पन चालते. आगीवर दोन्ही उडतात."

"चालते," मास्तर म्हणाले. "नियम मी मागे घेतला. परीक्षकाची खुर्चीही सोडली. लोकांनीच ठरवावं."

६

त्या दुपारी तुस्कानोंच्या स्वयंपाकघरात प्रमोदिनीबाईंना स्टूलवर बसून नुसतं बघत राहण्याखेरीज काम नव्हतं. गॉडफ्रे मळत होता. क्लेमेंटीन पीठ भुरभुरत होती आणि "जरा दाबून, तिकडून दाब" असं म्हणत होती. तो "माहितीये, ममा" म्हणत होता. वर्षभराचा अबोला असा पिठातच विरत चालला होता. फडकं टाकलं आणि तिघंही ओट्याशी बसून राहिले, जणू आत तान्हं बाळ झोपलंय. जरा वेळाने फडक्याला मध्यभागी पोट आलं. मग ते वाढलं, परातीच्या काठापर्यंत चढलं, काठ ओलांडून बाहेर डोकावलं. क्लेमेंटीनने क्रुसाची खूण केली. प्रमोदिनीबाईंनी, आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीत, हात जोडले.

संध्याकाळी वाचनालयाचं अंगण भरून लोक भिंतीवर बसले होते. गॉडफ्रेच्या नावाची कुजबुज अजून चालू होती. तो तुस्कानोंच्या टेबलामागे उभा राहिला तेव्हा मागून कुणीतरी "पावडरवाला" म्हणालंसुद्धा. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. विरारचे दहा आणि वसईचे दहा अशी खाणारी माणसं निवडली होती. त्यांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्या, कुणाच्या हातात कुणाचा बर्गर आलाय हे त्यांना कळू नये म्हणून. उमंगची टिक्की खाताना लोकांनी माना डोलावल्या, रमच्या सॉसला एकाने बोटं चाटली. मग दुसरी थाळी फिरली. वीस माणसं नुसती चावत होती आणि अंगणातले बाकी सगळे त्यांच्या जबड्यांकडे बघत होते.

"दुसरा," पहिला विरारकर म्हणाला. शेजारचा म्हणाला, "दुसराच." तिसऱ्याने उत्तर द्यायच्या आधी अजून एक घास घेतला. पट्ट्या सुटल्या तेव्हा विरारचे सात हात तुस्कानोंच्या बाजूने वर होते आणि आपण काय करून बसलो हे कळून त्यांतले दोघे कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. वसईवाल्यांनी जो गलका केला तो म्हणे पार स्टेशनपर्यंत गेला. उमंगने टाळ्या वाजवल्या, आणि तुस्कानोंच्या टेबलावरचा एक बर्गर उचलून, आता लपूनछपून कशाला, असा उघड खाल्ला.

चषक घ्यायला क्लेमेंटीनला बोलावलं. ती गेली, पण चषकाला हात लावला नाही. तिने माइक घेतला आणि प्रमोदिनीबाईंकडे बघून म्हणाली, "तुमचा ग्रुप चालू करा. सकाळचं सगळ्यांनी ऐकलं, हेही ऐकू दे."

बाईंनी मोबाइल वर धरला.

"सकाळी मी सांगितलं, माझ्या पोरानं मला बुडवली. ते खोटं होतं," क्लेमेंटीन म्हणाली. "आमचा पाव ताडीचा. ही घरची गोष्ट होती. ह्याला ती विकता आली असती, ह्यानं विकली नाय. मीच ह्याला न विचारता चव्हाट्यावर उभा केला. आज तुम्ही खाल्ला तो पाव मी मळलेला नाय. ह्यानं मळलाय. गॉडफ्रे तुस्कानोनं."

गॉडफ्रे खाली मान घालून उभा होता. ती त्याच्यापाशी गेली, मनगट धरलं आणि त्याचा हात, कोपरापर्यंत अजून पिठाचे डाग असलेला, सगळ्यांना दिसेल असा उंच वर केला. आधी वसईवाले उठले. मग उमंगने शिट्टी मारली आणि विरारवालेही उठले. मागे ज्याने "पावडरवाला" म्हटलं होतं तो सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होता. गॉडफ्रे आता आईकडे बघून हसत होता आणि रडतही होता, आणि प्रमोदिनीबाई एका हातात मोबाइल धरून दुसरा हात मांडीवर आपटत, तळवा झोंबेपर्यंत टाळी वाजवत राहिल्या.